पद्मिनीचं डोअर पॅड दर पावसाळ्यात फुगतं? गोंदाला शिव्या देण्याआधी दाराच्या आत बघा

२०२२ च्या गणपतीत आम्ही नेहमीसारखी मूर्ती आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीतून घरी आणली. मूर्ती आईच्या मांडीवर आणि आई मागच्या सीटवर, डाव्या दाराला टेकून. घरी पोचल्यावर आई उतरली, तर तिच्या मोतिया रंगाच्या साडीवर गुडघ्यापासून खाली चहाच्या रंगाचा ओघळ. मी डोअर पॅडला, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या रेक्झिन चढवलेल्या बोर्डाला, खालून हात लावून बघितला. रेक्झिन ओल्या पापडासारखं हातात आलं आणि आतला हार्डबोर्ड बोटांनी चुरडला गेला. हे पॅड आदल्याच वर्षी दिवाळीनंतर नवं करून घेतलं होतं. त्याआधी २०१९ ला. त्याआधी २०१७ ला.

कारागीर तीन, गोंद तीन आणि रेक्झिन दोन प्रकारचं. काम मात्र दरवेळी तसंच व्हायचं: संक्रांतीला झकास, होळीला झकास, श्रावणात सुटलेलं. मी तिन्ही कारागिरांच्या नावाने बोटं मोडून झालो होतो. आता वाटतं, त्यातल्या दोघांची तरी काहीच चूक नव्हती.

ही नोंद त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे पद्मिनी, तिची थोरली बहीण फियाट ११००, किंवा त्या काळातली अँबॅसिडर आहे आणि पॅडचा हाच त्रास आहे. मोजमापं माझ्या गाडीची, १९८४ ची पद्मिनी, गिअर स्टिअरिंगखाली, पुढे एकच लांब सीट. पण दारात पाणी शिरतं कसं आणि जातं कुठून, ही गोष्ट या सगळ्या गाड्यांना सारखीच लागू पडते.

पॅड कुठून सुटलंय ते आधी बघा

पॅड उचकटायची घाई करू नका. ते कुठून सुटलंय त्यावरून निम्मं निदान होतं.

खालचा काठ फुगलाय, रेक्झिन खालून वर सुटत आलंय आणि बोर्डाचे थर वेगळे होतायत, तर ते पाणीच. माझी केस हीच होती आणि कोकणात दहातल्या आठ गाड्यांची हीच निघेल. वरचा काठ, म्हणजे काचेलगतचा भाग, मागे खेचला गेलाय, रेक्झिन कडक झालंय आणि बारीक चिरा पडल्यात, तर ते ऊन. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य उन्हाने हळूहळू उडून जातं, मग तो आकसतो आणि गोंदाला खेचून काढतो. मधोमध फोड आलेत आणि कडा मात्र घट्ट आहेत, तर गोंद लावताना चूक झाली, त्याबद्दल पुढे. आणि पॅड मुळीच सुटलेलं नाही, नुसतं दारापासून लांब उभं राहतंय, चालवताना खडखडतंय, तर पॅडला दाराशी धरून ठेवणाऱ्या क्लिपांची भोकं फाटलीत किंवा क्लिपा गंजून मोडल्यात. ते अर्ध्या तासाचं काम आहे, त्यासाठी नवं पॅड करू नका.

दोन लक्षणं एकदम दिसली तर पाण्याचं आधी धरा. ऊन पॅडला म्हातारं करतं, पण एका पावसाळ्यात त्याची राख करत नाही.

चाचांनी परत पाठवलं

चौथ्यांदा मी गेलो ते हायवेवरच्या एका कुशनवाल्या चाचांकडे. ट्रकच्या सीटा आणि रिक्षाचे हूड शिवतात, जुन्या गाड्यांचं काम आवडीने घेतात. त्यांनी माझं पॅड हातात घेतलं, उलटं केलं आणि पुढची बाजू बघितलीच नाही. मागच्या बाजूला, खालच्या काठापासून चार बोटं वर, पाण्याची एक सरळ तपकिरी रेघ होती. तिच्यावर नख ठेवून म्हणाले, "भाऊ, पॅड मी आजच करून देतो. पण पुढच्या वर्षी परत याल आणि मलाच चोर म्हणाल. आधी दार उघडं करून आणा, पाणी कुठून येतंय ते बघू."

मी म्हटलं, "चाचा, काच तर पूर्ण बंद असते."

"काच बंद असली तरी पाणी आत जातंच. जायलाच पाहिजे. बाहेर यायला पाहिजे, ते येत नाहीये."

हे एक वाक्य मला पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर तीन पॅडांचे पैसे वाचले असते. आपण समजतो की दार म्हणजे बंद डबा. तसं ते नसतं. काच खाली-वर व्हायला वरच्या काठाला फट ठेवावीच लागते. बाहेरच्या बाजूला काच पुसणारी रबराची पट्टी असते. ती बरंच पाणी अडवते, सगळं नाही. उरलेलं काचेवरून ओघळत दाराच्या पोटात उतरतं, तळाशी जातं आणि तिथल्या छोट्या भोकांतून खाली गळून जातं. दार बनवणाऱ्याने हे धरूनच चाललेलं असतं. फक्त या गाडीचा मूळ घाट इटलीचा, १९६२ सालच्या फियाट ११०० डी चा. तीच पुढे आपल्याकडे डिलाइट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिली. आमच्या चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. दाराच्या पोटातून या पावसात किती पाणी वाहत असेल, त्याचा अंदाज त्या इटालियन माणसाला कुठून असणार?

(२०२१ च्या जुलैत शहरात पाणी भरलं तेव्हा गाडी मेव्हण्याकडे कराडला होती, म्हणून वाचली. पुरात बुडालेल्या गाडीचं गणित वेगळं. तिथे पॅड हा शेवटचा मुद्दा असतो, आधी वायरिंग, ब्रेक आणि तेलं.)

पॅड काढणं

काच फिरवायचं हँडल आणि दार उघडायचं हँडल आधी काढावं लागतं. हँडलच्या मागची चकती पॅडकडे दाबा, मागे आडवी पिन किंवा इंग्रजी सी अक्षरासारखी तारेची क्लिप दिसेल. पिन असेल तर बारीक खिळ्याने टोचून बाहेर काढा. क्लिप असेल तर जुन्या सुती फडक्याची पट्टी चकती आणि हँडलच्या मधे घाला आणि दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखी पुढे-मागे ओढा, क्लिप फडक्यात अडकून निघते. दुसरा हात आड धरा. ती उडाली की गॅरेजमध्ये सापडत नाही, हा अनुभवाचा भाग आहे. हँडल काढण्याआधी काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कोणत्या कोनात होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग रुंद पुट्टीपट्टीला कापड गुंडाळा, पॅडच्या काठाखाली सरकवा आणि प्रत्येक क्लिपजवळ जाऊन उचला. दोन क्लिपांच्या मधे जोर लावलात तर बोर्ड तिथेच फाटतो. क्लिपा जपून ठेवा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर असलं किरकोळ सामान कुठेही मिळायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि हळूहळू दुकानदारांनीही माल ठेवणं कमी केलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या नाना पेठेत गेलात तर जुनं पॅड नाही, जुनी क्लिप खिशात घालून न्या. नाव सांगून भलतंच हातात पडतं.

पाण्याची परीक्षा

पॅड काढलेल्या दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी कापलेली भोकं दिसतील. हात घालून काचेची यंत्रणा दुरुस्त करता यावी म्हणून ती ठेवलेली असतात. पत्रा आधी फडक्याने कोरडा करा आणि त्यावर, विशेषतः भोकांच्या खालच्या काठांवर, टाल्कम पावडर भुरभुरवा. पीठ वापरू नका, मुंग्या लागतात आणि मग महिनाभर मुंग्याच निवारत बसावं लागतं. आता दुसऱ्या कुणाला तरी बाहेरून काचेवर मगाने हळूहळू पाणी ओतायला सांगा. पाइपाचा फवारा नको. पाऊस पडतो तसं, वरून खाली. तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा.

माझ्या मुलाने पाणी ओतलं, मी आत बसलो. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, पुढच्या दाराच्या तिकोनी काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक धार थेट आतल्या पत्र्यावर येत होती. त्या काचेचं रबर दगडासारखं झालं होतं, कोपऱ्यात भेग होती. पावडरवर तिची वाट अगदी नकाशावरच्या नदीसारखी उमटली. दुसरी, काचेवरून येणारं पाणी काच उचलणाऱ्या लोखंडी हातावर पडत होतं आणि तिथून शिंतोडे उडून पत्र्याच्या मोठ्या भोकातून बाहेर, म्हणजे जिथे पॅडची पाठ असते तिथे, येत होते. तिसरी मला शेवटी कळली: पाणी आत जात होतं, पण दाराखालून टिपूसही गळत नव्हता. दार हलवलं तर आत डबडब आवाज. चाचांच्या नखाखालची ती सरळ तपकिरी रेघ म्हणजे साचलेल्या पाण्याची पातळी होती. इतकी वर्षं मी पॅडच्या पाठीमागे पाणी साठवून फिरत होतो.

भोकं

दाराच्या अगदी खालच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून, पाणी जायची भोकं असतात. आडवं पडून टॉर्चने बघा. माझ्या मागच्या दारात तीन होती, त्यातली दोन पुट्टीने बुजलेली. २०१६ ला दाराला पोचा आला होता, तेव्हा डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. पेंटरने खालची कड एकदम गुळगुळीत करून दिली होती आणि मीही त्याचं कौतुक केलं होतं. तिसरं भोक माती आणि सुरूच्या काटक्यांनी भरलेलं. म्हणजे माझ्या पॅडचं दुखणं २०१७ पासूनच का सुरू झालं, याचं उत्तर तिथे त्या कडेला सहा वर्षं लिहून ठेवलेलं होतं.

भोक मोकळं करायला सायकलचा स्पोक सगळ्यात चांगला, टोक किंचित वाकवून. पुट्टी असेल तर हाताच्या ड्रिलने मूळ मापाएवढंच उघडा, मोठं करू नका. पहिलं भोक उघडलं तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी धारेने आलं, आईच्या साडीवर होता तोच रंग. पाठोपाठ गंजाच्या पापड्या. सगळं बाहेर पडेपर्यंत आतून पाणी ओतत राहा, मग दोन दिवस दार उन्हात उघडं ठेवा. कोरडं झाल्यावर आतल्या तळाला गंजरोधक प्रायमर आणि त्यावर मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स मारा. ते मारताना भोकं परत बुजणार नाहीत ना, ते बघा. हसू नका, माझं एक बुजलं होतं.

पत्रा सडून जाळी झाली असेल तर इथेच थांबा आणि डेंटरकडे जा. सडक्या दारावर नवं रेक्झिन म्हणजे वाळवी लागलेल्या खांबाला रंग.

पन्नी: सगळी गोम इथे आहे

आतल्या पत्र्याच्या भोकांवर मुळात पाणी अडवणारा पडदा असायला हवा. माझ्या पत्र्यावर जुन्या काळ्या डांबरी गोंदाची एक वेडीवाकडी रेघ होती आणि तिच्यात कागदाचा नखाएवढा तुकडा अडकलेला होता. म्हणजे पडदा कधीतरी होता. पहिल्यांदा पॅड करताना कुणीतरी ओरबाडून टाकला असणार. कुशनवाल्याला तो कचरा वाटतो, गिऱ्हाइकाला तो माहीतच नसतो.

पॉलिथिनची जाड पन्नी घ्या, १५० ते २०० मायक्रॉनची, शेततळ्याच्या किंवा बांधकामाच्या सामानात मिळते ती. जुन्या बोर्डावर ठेवून आखा आणि चारी बाजूंनी बोर्डाच्या काठापासून सुमारे २० मिलिमीटर आत कापा, खालची बाजू मात्र कापू नका, तिथे चांगली वीतभर जास्त ठेवा. चिकटवायला ब्युटाइल टेप, ती काळी, च्युइंगगमसारखी. दोन बाजूंची फोमची टेप नको, ती स्पंजसारखं पाणी पिते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढवतं.

आता खरी गोम. पन्नीचा वरचा आणि बाजूचा काठ पत्र्याच्या वर चिकटवायचा, पण खालचं टोक पत्र्याच्या भोकातून दाराच्या आत सोडायचं. बाहेर नाही. मी पहिल्यांदा चारी बाजू व्यवस्थित पत्र्यावर चिकटवल्या, पाकीट बंद केल्यासारख्या. चाचांनी बघितलं आणि हसले. "कौलं परतताना वरचं कौल खालच्याच्या आत घालता का?" तेवढ्यात कळलं. शिंतोडे पन्नीवर पडणार, पन्नीवरून खाली ओघळणार. खालचं टोक बाहेर असेल तर ते पाणी पन्नी आणि पत्र्याच्या मधल्या टेपवर साचून कुठून तरी पॅडकडे वाट काढणार. टोक आत असेल तर पागोळीसारखं दाराच्या तळात पडणार आणि भोकातून गळणार. पन्नी लावल्यावर पाण्याची परीक्षा परत घ्या, पावडर आता पन्नीच्या पॅडकडच्या बाजूला. ती कोरडी राहिली तरच पुढे जा.

तिकोनी काचेचं रबर आणि काचेची बाहेरची पट्टी बदलली तर आत येणारं पाणी निम्म्यावर येतं. पट्टीची परीक्षा सोपी आहे: नखाने दाबा, खूण राहिली किंवा कट्ट वाजली तर ती मेली.

आता पॅड

एवढं झाल्यावर पॅड करणं ही आनंदाची गोष्ट आहे.

बोर्ड: मूळचा ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड. मी परत हार्डबोर्डच घेतला, कारण क्लिपची मान त्याच जाडीला बसते. लोक सनबोर्ड सुचवतात, हलका असतो, पाणी पीत नाही. पण उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडून वाकतो आणि क्लिपची भोकं ओढली जातात. मरीन प्लाय चालेल, ३ मिलिमीटरचा मिळाला तर. हार्डबोर्ड कापून, भोकं पाडून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांना पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात द्या. कडा आणि क्लिपांच्या भोकांच्या आतल्या भिंती विसरू नका, बोर्ड पाणी पितो तो तिथूनच. जुना बोर्ड खालून कुजला असेल आणि आखता येत नसेल तर पलीकडच्या बाजूच्या त्याच दाराचा बोर्ड उलटा ठेवून आखा, डावा-उजवा एकमेकांचं प्रतिबिंब असतात.

रेक्झिन: ५४ इंची पन्ह्यात मिळतं. चार दारांना बेताने कापलं तर अडीच मीटरमध्ये भागतं, तरी तीन घ्या. सोफ्याचं पातळ रेक्झिन घेऊ नका. गाडीचं घ्या, मागे विणलेलं, ताणलं जाणारं कापड असलेलं. रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. जुना तुकडा घेऊन रस्त्यावर या आणि उन्हात शेजारी धरून बघा. माझ्या गाडीचा मूळ रंग मी वर्षानुवर्षं तपकिरी समजत होतो. हँडलच्या चकतीखाली, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे तो गर्द लालसर, जवळजवळ कोकमाच्या आगळासारखा निघाला. वडिलांनी गाडी घेतली तेव्हाचा रंग. आईला दाखवला तर म्हणाली, "हाच होता की. तुम्हीच बदललात."

फोम: पाच-सहा मिलिमीटरचा, पण खालचे २५ मिलिमीटर कोरे सोडा. साधा स्पंज म्हणजे दिव्यातली वात, खालचं पाणी वर खेचतो.

गोंद: इथे दोन चुका होतात. एक, सुताराचा पांढरा गोंद. तो लाकडासाठी आहे. सुकताना त्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी आणि रेक्झिनच्या पीव्हीसीतून पाणी बाहेर पडत नाही. आपल्याला हवा सिंथेटिक रबरचा, पिवळसर, उष्णता सोसणारा, ज्याला कारागीर नुसतं सोल्युशन म्हणतात. बोर्डावर दोन हात (पहिला तो पिऊन टाकतो), कापडावर एक. मग १५ ते २० मिनिटं थांबायचं. बोटाच्या पेराने टेकवून बघा: बोटाला लागत नाही पण किंचित धरून ठेवतं, तेव्हा वेळ झाली. ओला असताना चिकटवलात की आतला वायू अडकतो आणि मे महिन्यात फोड येतात.

दुसरी चूक आमच्याकडे फार होते: पावसाळ्यात काम करणं. सोल्युशनमधलं द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली आर्द्रता त्यावर बारीक थराने बसते. नीट बघितलंत तर गोंदावर पांढुरकी झाक दिसते, आरशावर श्वास सोडल्यासारखी. ती झाक आली की वरून कितीही दाबा, दोन गोंद एकमेकांना भेटतच नाहीत. माझं २०१९ चं पॅड असंच, भर ऑगस्टमध्ये, "तातडीने" करून घेतलेलं होतं. फोड त्याचेच. काम डिसेंबर ते मार्चमध्ये करा, दुपारी, उघड्या पडवीत. आणि जवळपास विडी-काडी नको, याच्या वाफा पेट घेतात.

रेक्झिन चिकटवण्याआधी अर्धा तास उन्हात पसरून ठेवा, घड्या जातात आणि ताणायला मऊ होतं. मधून सुरुवात करा, बाहेरच्या दिशेला दाबत जा. मी बायकोचं लाटणं घेतलं, ते आता परत स्वयंपाकघरात घेतलं जात नाही. आतल्या वळणावर बारीक व्ही आकाराचे कट द्या, पण काठापासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे थांबा. बाहेरच्या कोपऱ्यावर करंजीच्या मुरडीसारख्या बारीक चुण्या घालून मागे चिकटवा, हेअर ड्रायरने गरम केलं की त्या बसतात.

मागे दुमडलेली २०-२५ मिलिमीटरची घडी दिसायला क्षुल्लक असते, पण तिथे रेक्झिनचं सुती कापड उघडं राहतं आणि ते पाण्याच्या बाजूला असतं. त्या कापडाच्या धारेवर वॉर्निशचा एक हात फिरवा. स्टेपल मारणार असाल तर स्टेनलेसच्या मारा, साध्या एका पावसाळ्यात गंजून समोर तपकिरी ठिपके उमटवतात. चाचांनी माझ्या पॅडला एकही स्टेपल मारली नाही. वरच्या पट्टीच्या शिवणीत पायपिंग त्यांनी मशिनवर घातली, ती घरी जमत नाही. तेवढ्यासाठी कारागिराकडे जाच.

बसवताना क्लिपच्या प्रत्येक भोकावर ब्युटाइलची छोटी गोळी ठेवा, मग तळहाताने ठोका.

सध्याची स्थिती

जानेवारी २०२३ ला बसवलेली पॅडं तीन पावसाळे काढून आहेत. डाव्या मागच्या दाराला मी दर ऑक्टोबरला खालचा कोपरा उचलून बघतो, बोर्ड कोरडा असतो. पुढच्या उजव्या दाराच्या वरच्या काठाला रेक्झिन दीड-दोन मिलिमीटर मागे गेलंय, ते ऊन आहे. गाडी पश्चिमेला तोंड करून उभी असते, काचेवर कापड टाकायचा आळस माझा. मृग लागायच्या आधी स्पोक घेऊन बारा भोकं फिरतो, चारी दारांचं मिळून दहा मिनिटांचं काम.

आणि तुम्ही हे जुलैत वाचत असाल, पॅड आत्ताच फुगलेलं असेल, तर आज चिकटवायला जाऊ नका. पॅड काढा, घरात पंख्याखाली सपाट ठेवा, वर फरशीचा तुकडा किंवा जाड पुस्तकं. भोकं मोकळी करा. पन्नी लावा, टोक आत. हँडलं परत बसवा आणि गाडी तशीच चालवा, दारं उघडीबोडकी दिसली तरी. आम्ही २०२२ चा उरलेला पावसाळा तसाच काढला. आई त्या दाराशेजारी बसताना मांडीवर रेनकोट पसरायची.